ट्रकच्या छताचे अस्तर

वसंतातील व्याख्यानांना तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. त्यांच्या पंक्तीला मोटारीच्या छताला आतून लावावयाचे कापड येऊन बसलेले पाहून कित्येकांच्या कपाळाला आठी पडेल. परंतु ज्या वस्तूखाली आपण तासन् तास बसतो आणि जिच्याकडे एकदाही मान वर करून पाहत नाही, तिच्यात माणसाने किती विचार घातला आहे हे समजून घेणे, हाही ज्ञानाचाच एक भाग आहे. गाडीचा रंग दिसतो, बैठक दिसते, चाके दिसतात. छताचे अस्तर चांगले बसले असेल तर ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते बिघडले म्हणजेच दिसू लागते. अशा न दिसणाऱ्या कामाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत, आणि तीही एका जुन्या अमेरिकन वाहनाच्या निमित्ताने.

पिकअप म्हणजे पुढे दोघातिघांना बसण्यापुरती केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला छोटा ट्रक. अमेरिकेतील शेतकऱ्याचे, सुताराचे, गवंड्याचे हे वाहन. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच मागे पोलादी हौदा जोडला आणि ती २८१ डॉलरला विकावयास काढली. त्या काळी बंद गाड्यांचे छतसुद्धा सबंध पत्र्याचे नसे. लाकडी चौकट, तिच्यावर आडव्या पट्ट्या, त्यांवर कापसाचा थर आणि सर्वांवर पाणी न शिरणारे कापड, अशी ती रचना होती. आतून अस्तर लावावयाचे तर काम सोपे होते. लाकूड हाताशी असल्यामुळे बारीक चुका ठोकल्या की झाले. पुढे रुंद पत्रा दाबून घडवण्याची यंत्रे आली आणि जनरल मोटर्सने १९३५ सालच्या गाड्यांत सबंध पोलादी छत आणले. छत मजबूत झाले, गळती थांबली, परंतु अस्तर लावणाऱ्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला. पत्र्यात चूक कशी ठोकणार?

काम करणाऱ्या साध्या ट्रकांनी हा प्रश्न फारसा मनावर घेतला नाही. त्यांच्या केबिनीला रंगवलेला उघडा पत्रा किंवा फार तर जाड पुठ्ठा असे. खरे कापडी अस्तर पिकअपमध्ये आले ते मोटारीच्या सोयरिकीने. १९५७ साली फोर्डने रँचेरो ही गाडी काढली आणि १९५९ साली शेव्हरोलेने एल कॅमिनो काढली. या दोन्हींचे पुढचे अंग मोटारीचे आणि मागचे ट्रकचे. त्यामुळे बसणाऱ्याच्या डोक्यावर मोटारीसारखेच ताणलेले अस्तर आले. एल कॅमिनो मध्यंतरी बंद पडून १९६४ साली पुन्हा सुरू झाली आणि १९८७ पर्यंत निघत राहिली. आज या गाड्या हौसेने राखणारी मंडळी अमेरिकेत पुष्कळ आहेत, आणि जुनी गाडी नवी करताना ज्या कामाला भलेभले बिचकतात ते काम छताचे असते.

अस्तर हवेच कशाला, असे कोणी विचारील. उघड्या पत्र्याखाली एकदा बसून पाहावे म्हणजे उत्तर मिळते. उन्हात पत्रा तापतो आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावर उष्णता ओततो. थंडीत तोच पत्रा गार पडतो, आतल्या माणसांच्या श्वासातील वाफ त्यावर गोठून थेंब होते आणि मानेवर टपकते. तिसरी गोष्ट आवाजाची. रुंद, पातळ, कडेने घट्ट धरलेला पत्रा म्हणजे डफच होय. इंजिनाची थरथर, रस्त्याचे हादरे, पावसाचे थेंब, सारे त्या डफावर वाजत राहतात. पत्र्याला आतून डांबरी किंवा रबरी पत्रा चिकटवला तर थरथर मरते. त्याखाली नमद्याचा थर आणि मग थोड्या पोकळीनंतर ताणलेले कापड आले, की अडकून पडलेली हवाच रजईसारखी काम करते.

आता रचना पाहू. पोलादी छताच्या आत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वाकवलेल्या बारीक पोलादी कांबी बसवलेल्या असतात. त्यांना आपण कमानी म्हणू. ट्रकच्या लहान केबिनीत अशा दोनतीन कमानी पुरतात. लांब मोटारीत अधिक लागतात. अमेरिकन कारागीर त्यांना ‘बो’ म्हणतात, आणि हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांच्या गाड्यांवर वाकवलेल्या लाकडाच्या कमानी असत व त्यांवर जाड कापड ताणलेले असे. त्या कमानींचेही हेच नाव. आपल्याकडील बैलगाडीवर वेळूच्या कमानी घालून वर ताडपत्री टाकीत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कल्पना चटकन येईल. फरक एवढाच की तेथे कापड कमानीवर टाकलेले असते, येथे ते कमानीखाली लोंबत असते. त्यासाठी अस्तराच्या वरच्या बाजूला, दोन पट्ट्यांच्या शिवणीवर, परकराला असतो तसा नेफा शिवतात. नेफ्यातून नाडीऐवजी कमान ओवावयाची, कमानीची दोन टोके छताच्या बाजूंच्या भोकांत बसवावयाची, आणि मग कापडाच्या चारी कडा ओढून पक्क्या करावयाच्या. कडा धरण्यासाठी कोठे कागदी लगद्याच्या घट्ट पट्ट्या असतात, त्यांत चुका ठोकता येतात. कोठे दातेरी पट्ट्या असतात. कोठे पत्र्याच्या कडेवर रबरी सोल्यूशनने कापड चिकटवतात.

येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, मधल्या साऱ्या विस्तारात कापड कोठेही चिकटवलेले नसते. कडेला त्याला धरलेले असते, नेफ्यांनी त्याला उचललेले असते, आणि बाकी सर्व काम ताण करतो. म्हणून अस्तर बसवणे म्हणजे कापड लावणे नसून ताण वाटणे होय. ही एक गोष्ट पटली की पुढच्या साऱ्या कृती आपोआप समजतात.

छत दोन्ही दिशांनी गोलसर असते, लांबीतही आणि रुंदीतही. सपाट कापड अशा पृष्ठावर सुरकुती न पडता बसू शकत नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरू गेल्यास ती फाटते, हा रोजचा अनुभव आहे. त्याच्यामागचे गणित जर्मन गणिती गाउस याने १८२७ साली मांडले. कारागिराने गाउसचे नाव ऐकलेले नसते, परंतु त्याने तोड काढलेली असते. तो अस्तर एकसंध न ठेवता आडव्या पट्ट्यांचे करतो आणि शिवणी सरळ न घेता किंचित बाकदार घेतो. चोळीला छातीचा घाट टिपांनी येतो तसाच हा घाट शिवणींनी येतो. जे उरते ते कापडाच्या अंगच्या लवचिकतेवर सोपवतात. ताणाबाणा सरळ ओढला तर कापड फारसे देत नाही. उरेब ओढले तर बरेच देते. म्हणूनच कोपऱ्यांत, जेथे ओढ तिरपी लागते, तेथे चांगला हात आणि वाईट हात यांतील भेद उघड होतो.

दोन कमानींच्या मधल्या कापडाचे काय होते हे आता पाहा. कमानीवरून कापड दोन्ही बाजूंना ओढले की ते सरळ होऊ पाहते, म्हणजे खाली येऊ पाहते. जेथे कमान आहे तेथे ती त्याला वर धरते. जेथे नाही तेथे त्याला वर धरणारा फक्त पुढचा-मागचा ताण असतो. तेव्हा बाजूंची ओढ जितकी अधिक, तितके कमानींमधले कापड खाली झुकते. यावरून कामाचा क्रम ठरतो: आधी पुढे-मागे ताण द्यावयाचा, आणि बाजूंना सुरकुत्या निघतील एवढेच ओढावयाचे. नवशिका नेमके उलट करतो. बाजू जवळ असतात, हाताशी असतात, म्हणून तो त्या प्रथम ओढतो, आणि मग छताला झोळीसारखे पोट का आले हे त्याला उमगत नाही.

प्रत्यक्ष काम जुने अस्तर काढण्यापासून सुरू होते, आणि अर्धे यश तेथेच असते. बॅटरीची तार सोडावी, छतदिवा, सूर्यपट्ट्या व आरसा काढून घ्यावा. नाकातोंडावर चांगली पट्टी बांधावी. पन्नास-साठ वर्षांची धूळ, उंदरांची घाण आणि जुन्या नमद्यात मिसळलेले काहीबाही एकदम अंगावर येते. कमानी काढताना प्रत्येकीवर पुढून मागे क्रमांक घालावा. त्या दिसतात सारख्या, परंतु प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. बाजूला एकाहून अधिक भोके असतील तर कमान कोणत्या भोकात होती याची खूण करावी, कारण त्यावर छताची उंची ठरते. आणि फाटलेले, कुजलेले, कळकट झालेले जुने अस्तर काम पुरे होईपर्यंत मुळीच फेकू नये. तो त्या गाडीचा नकाशा आहे. कोणती पट्टी किती रुंद, शिवणीचा बाक किती, नेफा कोठपर्यंत आला आहे, हे सारे त्या चिंधीवर लिहिलेले असते. तयार शिवलेले अस्तर विकत आणले तरी ते जुन्याशेजारी पसरून ताडून पाहावे.

मग पत्र्याकडे वळावे. गंज खरवडावा, रंग द्यावा, तारा तपासाव्या, आवाज मारणारे थर व नमदा लावावा. हे सारे आत्ताच, कारण अस्तर चढले की वरचे जग पुन्हा कित्येक वर्षे दिसणार नाही. रेक्झिनचे अस्तर असेल तर ते आदल्या दिवशी घडी मोडून पसरावे आणि कामापूर्वी उन्हात ऊब द्यावी. थंड रेक्झिन हट्टी असते, ऊबदार झाले की ऐकते. लोकरी कापडाच्या बारीक सुरकुत्या नंतर वाफेने निघतात.

कापडाच्या वरच्या अंगाला मधोमध खडूची रेघ मारावी आणि छताच्या पुढच्या व मागच्या कडेवरही मध्यबिंदू काढावे. कमानी क्रमाने नेफ्यांत ओवाव्या. सर्वांत मागची कमान प्रथम बसवावी आणि मूळ गाडीत तिला मागे धरणाऱ्या तारा किंवा चाप असतील तर ते परत लावावे. नाहीतर पुढून ताण देताच ती कलंडते आणि सारा हिशेब चुकतो. बाकीच्या कमानी उभ्या राहिल्या की कापड तंबूसारखे लोंबू लागते. या घटकेला पुष्कळांचा धीर सुटतो, कारण ते अगदी ओबडधोबड दिसते. दिसू द्यावे.

आता मागच्या कडेचा मध्यबिंदू चिमट्याने धरावा, मग पुढच्या कडेचा. मध्यापासून थोडे डावीकडे, तितकेच उजवीकडे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, असे चिमटे लावत कोपऱ्यांकडे जावे. कपडे वाळत घालण्याचे चिमटेही चालतात. एकही कड अद्याप कायमची चिकटवावयाची नाही. लांबीचा ताण जमला, शिवणी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सरळ दिसू लागल्या, की बाजूंना हात घालावा. नेफा टोकाला कापडाला अडवतो, म्हणून तो तेथे थोडा थोडा उसवावा. एकदम उसवला तर तेथे कापड लोंबते आणि उसवलेले परत येत नाही. बाजूंनाही मध्यापासून सुरुवात करून डावे-उजवे आळीपाळीने ओढावे.

मग सोल्यूशन. ते कापडालाही लावावे आणि पत्र्याच्या कडेलाही, दोन्हीकडे पातळ, आणि थांबावे. बोट टेकले असता चिकट लागते पण बोटाला काही येत नाही, अशी अवस्था आली की कड जोडावी. घाई केली तर ती सरकते. फार उशीर केला तर धरत नाही. दारे उघडी ठेवावी आणि जवळपास विडी-काडी नसावी, कारण त्याची वाफ पेट घेते व डोकेही चढवते. पुढची काच काढलेली असेल तर उत्तम, म्हणजे कापड पत्र्याच्या कडेवरून वळवून काचेच्या रबराखाली दाबता येते. गोलाईवर कापडाच्या वाढाव्यात लहान चिरा द्याव्या, त्या दिसणाऱ्या भागाच्या अलीकडेच थांबाव्या. छतदिव्याचे भोक सर्वांत शेवटी: वरून बोटाने चाचपून जागा नक्की करावी आणि लहानशी फुली कापावी. भोक वाढवता येते, कमी करता येत नाही. दाराकडेची गोट व पट्ट्या लावाव्या, आणि वाढावा दुसऱ्या दिवशी कापावा.

एवढे करूनही सुरकुत्या पडतात. त्यांच्यावर चिडू नये, त्यांना वाचावे. कापडातील सुरकुती ज्या दिशेने धावते त्या दिशेला ताण अधिक आहे आणि तिच्या आडव्या दिशेला कमी आहे. म्हणून सुरकुतीच्या टोकाला धरून ओढले तर ती अधिकच खोल जाते. तिला आडवे ओढावे, किंवा टोकाची ओढ सैल करावी. कमानींना समांतर सुरकुत्या दिसल्या तर पुढे-मागे ताण अपुरा आहे. एका बिंदूतून पंख्यासारख्या फाकल्या तर त्या बिंदूला कोणी अधिक जोर लावला आहे. सबंध छतभर तिरप्या गेल्या तर मध्यरेषा सरकली आहे. दोष दिसतो एकीकडे आणि त्याचे कारण असते दुसरीकडे. जेथे सुरकुती दिसते तेथेच हात घालणारा माणूस दिवसभर खपतो. कारण शोधणारा दोन चिमटे सोडून मोकळा होतो.

पुढे ही सारी कटकट कारखान्यांना परवडेनाशी झाली. १९७० नंतरच्या गाड्यांत घडवलेल्या पुठ्ठ्यावर किंवा काचतंतूच्या साच्यावर फोमचा पातळ थर असलेले कापड चिकटवून तो साचा अखंड छताला बसवण्याची पद्धत रुळली. ती स्वस्त, झटपट आणि दिसावयास गुळगुळीत. परंतु उष्णतेने व दमट हवेने फोम हळूहळू कुजतो, त्याचा भुगा होतो आणि कापड डोक्यावर लोंबू लागते. त्याला पुन्हा सोल्यूशन लावून उपयोग नसतो, कारण ते भुग्याला चिकटते आणि भुग्याबरोबर सुटते. साचा काढून, सारा फोम खरवडून, नवे कापड लावावे लागते. उलट, कमानींवर ताणलेले कापड सैल झाले तर कड सोडून पुन्हा ओढता येते, एखादी पट्टी फाटली तर तेवढी उसवून बदलता येते. जुनी पद्धत निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. लोकरीला कसर लागे, रेक्झिन आकसून शिवणीवर फाटे. परंतु ती उकलता येत असे, आणि जे उकलता येते ते दुरुस्त करता येते.

या कामाशी आमच्या शहरांचे नाते अगदीच दूरचे नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांच्या बैठका आणि छते वर्षानुवर्षे नव्याने मढवली ती गल्लीबोळांतल्या कुशनवाल्यांनी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या छताला आतून फुलाफुलांचे रेक्झिन लावण्याची चालकांची हौस प्रवाशांना ठाऊक आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमात तरुण चित्रकारांनी बैठकांसाठी व छतासाठी खास कापडे रेखाटली, तेव्हा अनेकांनी प्रथमच टॅक्सीत मान वर केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

गाडी जाते याचे आम्हांस फार वाईट वाटत नाही. वाहने येतात आणि जातात. वाईट वाटते ते तिच्याबरोबर जाणाऱ्या हातांचे. कोणत्या नेफ्यात किती सैल सोडावे, रेक्झिन किती ऊबदार झाले म्हणजे ओढावे, ही गोष्ट पुस्तकात अर्धीच उतरते. उरलेली अर्धी वर्षानुवर्षे केलेल्या कामातून बोटांत आलेली असते. अमेरिकेतील हौशी लोक आज जुने अस्तर पसरून त्याच्या शिवणी मोजत बसतात, कारण ते शिवणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. आपल्याकडे असे कारागीर अजून दुकान मांडून बसलेले आहेत. त्यांच्याकडे कधी काम घेऊन गेलात तर घटकाभर थांबून पाहावे. तो कोठून ओढावयास सुरुवात करतो, कोणती कड शेवटी बांधतो, आणि सुरकुती दिसताच त्याचा हात तिच्यावर न जाता दुसरीकडे कोठे जातो, एवढे पाहिले तरी या लेखातील पुष्कळसा भाग डोळ्यांनी वाचल्यासारखे होईल.